तास पडद्यावर, अभ्यास कागदावर

२०२१मध्ये राज्याचा दहावीचा निकाल १६ जुलैला लागला. परीक्षा न होता लागलेला हा निकाल ९९.९५ टक्के होता. निम्मे गुण नववीच्या निकालावरून आणि निम्मे दहावीच्या वर्षभरातल्या अंतर्गत मूल्यमापनावरून दिले गेले. पेढे वाटून झाले, अकरावीची धावपळ सुरू झाली. पण घरोघरी खरी काळजी होती ती मागून येणाऱ्या तुकडीची. त्या वर्षी दहावीत असलेल्या मुलांची नववी बहुतांशी मोबाइलसमोर गेली होती. त्या वर्षीच्या नववीची आठवी तशीच गेली होती. नोव्हेंबर २०२०नंतर काही ठिकाणी वर्ग भरले, पण दुसऱ्या लाटेने ते पुन्हा बंद पाडले. मग कोविडमुक्त गावांत १५ जुलै २०२१पासून आठवी ते बारावीचे वर्ग उघडू लागले. शहरांत आणि बाकीच्या गावांत मात्र शाळा तेव्हा घरातच होती.

त्या सव्वा वर्षात पालकांची तक्रार दोन टोकांची झाली होती. एका घरात आई म्हणते, ‘दिवसभर मोबाइल हातात, डोळे लाल, रात्री दोनला झोप, आणि विचारलं तर म्हणे अभ्यास करतोय.’ दुसऱ्या घरात एकच मोबाइल असतो आणि तो वडिलांबरोबर सकाळी कामावर जातो. तिथली मुलगी तास बुडाल्याच्या चिंतेने रडकुंडीला येते. पहिल्या घराला वाटते मोबाइल फार झाला, दुसऱ्याला वाटते मोबाइल पुरत नाही. डॉक्टरच्या नजरेने पाहिले तर दोन्ही घरांना औषध एकच लागू पडते. जे पडद्यावरच होऊ शकते तेवढेच पडद्यावर ठेवायचे आणि बाकीचा सगळा अभ्यास वही-पुस्तकावर आणायचा.

हे म्हणणे सोपे वाटले तरी तेव्हा घडत होते ते नेमके उलटे. शाळेचे तास मोबाइलवर, शिकवणी मोबाइलवर, टिपणांची पीडीएफ मोबाइलवर, ती वहीत उतरवून घेणे मोबाइलकडे बघून, गृहपाठाचा फोटो मोबाइलवर आणि थकल्यावर करमणूकही मोबाइलवरच. शाळेचे चार तास, शिकवणीचे दोन, टिपणे उतरवण्याचा एक आणि करमणुकीचे दोन धरले, तरी नऊ तास होतात. यातला निम्म्याहून अधिक वेळ अभ्यासाच्या नावाखाली जाई, म्हणून त्याला कोणी हरकत घेत नसे.

केंद्रीय शिक्षण खात्याने जुलै २०२०मध्ये ‘प्रज्ञाता’ नावाने मार्गदर्शक सूचना काढल्या. नववी ते बारावीसाठी शिक्षकांनी समोरून घ्यायच्या ऑनलाइन तासिका दिवसाला चारपेक्षा जास्त नसाव्यात आणि प्रत्येक तासिका ३० ते ४५ मिनिटांची असावी, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे दिवसाला दोन ते तीन तास. पहिली ते आठवीसाठी ही मर्यादा दोन तासिकांची आहे. पालकांनी ही मर्यादा लक्षात ठेवावी. शाळा सात तासिका घेत असेल तर पालकसभेत तसे विचारावे. शाळा मर्यादेत असेल, तर आपणच त्यात आणखी दोन ऑनलाइन क्लासची भर घालत नाही ना, हेही तपासावे.

शाळेने न सांगता दिलेल्या गोष्टी

शाळा म्हणजे फक्त शिकवणे नव्हे. सकाळी ठरलेल्या वेळी उठणे, दप्तर घेऊन चालत किंवा सायकलने जाणे, प्रार्थनेला उन्हात उभे राहणे, फळ्याकडे आणि मग वहीकडे बघणे, मधल्या सुट्टीत धावणे, शेजारच्याशी कुजबुजणे, हे सगळे शाळेबरोबर फुकट मिळत होते. शरीराला आणि मनाला त्याची गरज असते, पण वेळापत्रकात त्याची तासिका नव्हती. त्यामुळे शाळा बंद झाली तेव्हा ते सारे गेले आणि कुणाच्या लक्षातही आले नाही. शिकवणे तेवढे मोबाइलवर आले. घरून शिकायचे असेल तर हे हरवलेले भाग घरात परत बसवावे लागतील. त्याची सुरुवात झोपेपासून करावी.

तेरा ते अठरा वयाच्या मुलांना चोवीस तासांत आठ ते दहा तास झोप लागते. या वयात शरीराचे घड्याळ मुळातच थोडे पुढे सरकते. झोप आणणारे मेलाटोनिन हे संप्रेरक लहान मुलांपेक्षा उशिरा पाझरू लागते. त्यामुळे रात्री दहाला झोप न येणे हा प्रत्येक वेळी हट्ट नसतो. पण त्यात अंधारात चेहऱ्यासमोर धरलेल्या मोबाइलची भर पडली, की बारा वाजतात, मग दोन. सकाळी आठच्या तासिकेला मूल सात पंचावन्नला उठते, पांघरुणातूनच हजेरी लावते, कॅमेरा बंद करते आणि पुन्हा कुशीवर वळते. त्या तासिकेतले काही डोक्यात राहील, ही अपेक्षा व्यर्थ आहे. दिवसा शिकलेले पक्के करण्याचे काम मेंदू झोपेतच करतो. झोप तोडून केलेल्या अभ्यासाचा बराचसा भाग पाण्यात जातो.

यावर उपाय झोपायच्या वेळेपासून सुरू करू नये, उठण्याच्या वेळेपासून करावा. ‘दहाला झोप’ असे ओरडून कोणाला झोप येत नाही. उठण्याची वेळ मात्र ठरवता येते. रोज, रविवारीही, साडेसहा म्हणजे साडेसहा. उठल्यावर पंधरा-वीस मिनिटे गॅलरीत, अंगणात किंवा गच्चीवर उजेडात काढायची. पावसाळ्यातल्या ढगाळ दिवशीही बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यापेक्षा कित्येक पट जास्त असतो आणि शरीराचे घड्याळ जागेवर आणायला तो पुरतो. दुपारची झोप अर्ध्या तासाच्या पुढे जाऊ देऊ नये. असे आठ-दहा दिवस नेटाने केले की बहुतेक मुलांची रात्रीची झोप आपोआप अलीकडे येऊ लागते.

रात्री मोबाइल झोपण्याच्या खोलीत नको. स्वयंपाकघरात चार्जिंगला लावायचा. एका खोलीचे घर असेल तर कपाटावर ठेवावा. हा नियम आई-वडिलांनाही लागू हवा. बाबा अंथरुणात व्हिडिओ बघत ‘मोबाइल ठेव’ म्हणाले, तर मूल मोबाइल ठेवत नाही, लपवते. गजरासाठी मोबाइल लागतो ही सबब पुढे येईल. तिच्यावर साधे गजराचे घड्याळ हा स्वस्त उपाय आहे.

डोळे, मान, कान

डोळे चुरचुरणे, लाल होणे, संध्याकाळी डोके दुखणे या तक्रारी घेऊन येणाऱ्या मुलांची संख्या त्या काळात सगळीकडे वाढली होती. कारण साधे आहे. माणूस एरवी मिनिटाला पंधरा ते वीस वेळा पापण्या मिटतो. पडद्याकडे टक लावून बघताना हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. डोळ्यांवरचा ओलावा सुकतो आणि चुरचुर सुरू होते. त्यातच जवळच्या वस्तूवर नजर खिळवून ठेवणारा डोळ्यातला स्नायू तासन्‌तास सैल पडत नाही. म्हणून दर वीस मिनिटांनी, वीस फुटांपलीकडच्या वस्तूकडे, निदान वीस सेकंद बघावे. खिडकीतून समोरचे झाड, पलीकडच्या इमारतीची टाकी, काहीही चालेल. आणि मुद्दाम दहा-बारा वेळा पापण्या मिटाव्यात.

‘ब्लू लाइट’ अडवणारे चष्मे सध्या जोरात खपतात. त्यांनी डोळ्यांचा ताण कमी होतो याला भक्कम पुरावा नाही. नेत्रतज्ज्ञांची अमेरिकन संघटना असे चष्मे सुचवत नाही. तो खर्च वाचवावा आणि त्याऐवजी डोळ्यांचा नंबर तपासून घ्यावा. अनेक मुलांचा नंबर आधीपासून असतो. वर्गात फळा दिसला नाही की तो लक्षात यायचा. शाळा बंद असताना फळाच नव्हता, त्यामुळे नंबर लपून राहिला आणि मूल मोबाइल आणखी जवळ धरू लागले. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत डोळे तपासण्याची सोय असते, तिचा उपयोग करावा. औषधाच्या दुकानातून नुसते विचारून आणलेले थेंब मात्र घालू नयेत. त्यांपैकी काहींत स्टिरॉइड असते. ते बरेच दिवस घातले तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही होऊ शकतो.

मोकळ्या उजेडाचा डोळ्यांना आणखी एक फायदा आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांवर तीन वर्षे केलेला एक अभ्यास २०१५मध्ये प्रसिद्ध झाला. काही शाळांनी रोज ४० मिनिटांची मैदानी तासिका वाढवली, काहींनी नेहमीचेच वेळापत्रक ठेवले. तीन वर्षांनी, मैदानी तासिका मिळालेल्या मुलांत जवळच्या नंबरचा चष्मा लागण्याचे प्रमाण ३०.४ टक्के होते, इतर मुलांत ३९.५ टक्के. ती मुले लहान होती, त्यामुळे नववी-दहावीच्या मुलांना नेमका तेवढाच फायदा होईल असे म्हणता येत नाही. पण धाकटी भावंडे घरात असतील, तर मोठ्याने त्यांना घेऊन संध्याकाळी बाहेर पडावे. दोघांचेही भले होईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल असा व्यायाम करायला हवा. सूर्यनमस्कार, दोरीच्या उड्या, जिने चढणे-उतरणे, सायकल, यांतले काहीही चालेल. मैदान मिळालेच पाहिजे असे नाही, घाम मात्र यायला हवा.

बसण्याचे तंत्रही महाग नाही. मोबाइल मांडीवर आणि मान खाली घातलेली, ही आजची नेहमीची बैठक. डोक्याचे वजन साडेचार-पाच किलो असते, आणि मान जितकी पुढे वाकते तितका मानेच्या मणक्यांवरचा भार कित्येक पटींनी वाढतो. मोबाइल हातात धरायचाच नाही, टेकवून ठेवायचा. टेबल नसेल तर चौरंगावर दोन डबे रचून त्यांना टेकवावा, म्हणजे तो डोळ्यांच्या पातळीच्या जरासा खाली, हातभर अंतरावर येतो. पाठ भिंतीला टेकलेली असावी. तासिका संपली की उठून घरात एक फेरी मारावी. घरी टीव्हीला मोबाइल जोडता येत असेल तर फारच उत्तम. अंतर आपोआप वाढते.

कानांचेही तेच. शक्य असेल तेव्हा हेडफोनशिवाय ऐकावे. घरात गोंधळ असेल आणि हेडफोन लावावाच लागला, तर आवाज पूर्ण क्षमतेच्या साठ टक्क्यांच्या आत ठेवावा. हेडफोन लावलेल्या मुलाला हातभरावरून नेहमीच्या आवाजात मारलेली हाक ऐकू आली नाही, तर आवाज जास्त आहे असे समजावे.

ऐकले म्हणजे शिकले नव्हे

आता अभ्यासाकडे येऊ. मुले सांगतात, ‘तास चालू असताना सगळं कळतं, नंतर काही आठवत नाही.’ पालकांना ही सबब वाटते. ती सबब नाही, मेंदूचा स्वभाव आहे. समजणे आणि लक्षात राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हिडिओ दुसऱ्यांदा बघितला की ओळखीचा वाटतो, आणि ओळखीचे वाटणे म्हणजेच येणे असा समज होतो.

अमेरिकेतल्या सेंट लुईसमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना काही उतारे दिले. काही उतारे त्यांनी दोनदा वाचले. काही एकदाच वाचले आणि मग उतारा समोर न ठेवता आठवेल ते कागदावर लिहिले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा दोनदा वाचलेले उतारे जास्त आठवले, ८१ टक्के विरुद्ध ७५ टक्के. आठवड्याने विचारले तेव्हा पारडे फिरले. दोनदा वाचलेले ४२ टक्केच आठवले, एकदा वाचून आठवून लिहिलेले ५६ टक्के. म्हणजे पुन्हा वाचल्याने आत्मविश्वास वाढतो, पण आठवून लिहिल्याने स्मरण टिकते.

ऑनलाइन शिकणाऱ्या मुलांनी यातून एकच सवय उचलली तरी पुरे. तासिका संपल्यावर मोबाइल पालथा ठेवायचा, पुस्तक मिटायचे आणि वहीच्या मागच्या पानावर आत्ता काय शिकवले ते पाच-सहा ओळींत स्वतःच्या शब्दांत लिहायचे. गणित असेल तर सोडवलेले उदाहरण न बघता पुन्हा सोडवायचे. विज्ञान असेल तर आकृती आठवून काढायची, नावे द्यायची. आठवले नाही तिथे रिकामी जागा सोडायची आणि मग पुस्तक उघडून ती लाल शाईने भरायची. ती लाल शाई म्हणजेच खरा अभ्यास कुठे करायचा आहे त्याचा नकाशा. हेच दुसऱ्या दिवशी दोन मिनिटे आणि आठवड्याने पाच मिनिटे पुन्हा करायचे. यासाठी डेटा लागत नाही, ॲप लागत नाही. एक नियम ठेवावा: जितका वेळ पडद्यावर शिकलो, निदान तितकाच वेळ कागदावर काढायचा.

तास चालू असताना दुसऱ्या खिडकीत मित्रांशी गप्पा आणि तिसरीकडे खेळ, असेही बऱ्याच घरांत चालते. मेंदू दोन गोष्टी एकाच वेळी करत नाही. तो एकीवरून दुसरीवर उड्या मारतो आणि प्रत्येक उडीत धागा तुटतो. तासापुरते इतर ॲपचे संदेश बंद ठेवणे आणि हाती पेन धरणे, एवढ्याने बराच फरक पडतो. हात लिहीत असला की बोट पडद्यावर सरकत नाही.

जिथे मोबाइल एकच आहे

‘असर’ या पाहणीनुसार सप्टेंबर २०२०मध्ये देशाच्या ग्रामीण भागात शाळेत नाव असलेल्या ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०१८मध्ये हे प्रमाण ३६.५ टक्के होते. वाढ मोठी आहे, पण घरात फोन असणे आणि तो मुलांच्या हाती असणे यात फरक आहे. त्याच पाहणीत, आदल्या आठवड्यात शाळेकडून काहीतरी अभ्याससाहित्य मिळालेली मुले सुमारे एकतृतीयांशच निघाली. कोकणातल्या वाड्यांत रेंजसाठी टेकडीवर जाणारी मुले सगळ्यांनी पाहिली आहेत.

अशा घरात थेट तासिका बुडणारच. त्याचे दुःख करत दिवस घालवण्यापेक्षा दिवसाची मांडणी उलटी करावी. सकाळी पाठ्यपुस्तकातला धडा वाचायचा आणि न कळलेल्या जागी पेन्सिलने खूण करून प्रश्न वहीत लिहायचे. संध्याकाळी मोबाइल घरी आला की पाऊण तासच मिळतो असे समजून, त्यात फक्त खुणा केलेल्या भागाचा व्हिडिओ बघायचा. शंका उरली तर शिक्षकांना साध्या फोनवरूनही विचारता येते. बालभारतीची पुस्तके ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. पण शक्य असेल तिथे छापील पुस्तकच घ्यावे. वरच्या वर्गातल्या मुलांकडून जुने मिळाले तरी चालेल. आजूबाजूच्या दोन-तीन मुलांनी ओट्यावर किंवा अंगणात एकत्र बसावे. एकाने दुसऱ्याला धडा समजावून सांगण्याइतकी चांगली उजळणी नाही.

शिक्षकांनीही ही वाट सोपी करायला हवी. वीस पानांची पीडीएफ पाठवण्याऐवजी ‘पान ४२ ते ४५ वाचा, खालचे तीन प्रश्न सोडवा’ एवढा संदेश पुरतो. तो साध्या फोनवरही पोहोचतो. सोलापूरच्या नीलमनगरमध्ये शिक्षकांनी वस्तीतल्या घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. येता-जाता मुलांच्या नजरेस पडतील असे. तिथल्या कामगारवस्तीत मोबाइल कमी होते म्हणून ही कल्पना निघाली, पण चांगले मोबाइल असलेल्या वस्तीलाही तिचा तितकाच उपयोग झाला असता. ज्या घरात कुठलाच फोन नाही, त्या मुलापर्यंत छापील कागद आणि शिक्षक पोहोचवणे ही मात्र शासनाची जबाबदारी आहे. ती पालकांच्या शहाणपणावर ढकलता येणार नाही.

एक गोष्ट विशेष सांगायला हवी. मुलगी घरी आहे म्हणजे ती मोकळी आहे, असे समजण्याची आपली जुनी खोड आहे. तासिका चालू असताना कणीक मळायला, पाणी भरायला, धाकट्याला घ्यायला हाक मारली जाते ती बहुधा तिलाच. एकच मोबाइल असेल तर तो आधी भावाला मिळतो. घरकाम सगळ्यांनी करावे, मुलानेही करावे. पण अभ्यासाची वेळ ठरली की त्या वेळेत मुलीलाही ‘शाळेत गेली आहे’ असेच समजावे. नववी-दहावीत एकदा मागे पडलेली मुलगी शाळा उघडली तरी परत येईलच असे नाही, आणि मग घरात लग्नाचा विषय निघायला वेळ लागत नाही.

पालकांनी काय करावे, काय करू नये

पंधरा वर्षांच्या मुलाच्या पाठीशी खुर्ची टाकून बसणे हे पालकाचे काम नव्हे. तासिका चालू असताना मागून उत्तर सांगणे, शिक्षकांच्या देखत रागावणे, चुलतभावाशी तुलना करणे यांनी मूल कॅमेरा बंद करायला शिकते. दुसऱ्या बाजूला, ‘आता मोठा झालास, तुझं तू बघ’ म्हणून हात झटकणेही बरोबर नाही. पालकांनी चार गोष्टी सांभाळाव्यात: उठण्याची वेळ, रात्री मोबाइलची जागा, जेवणाच्या वेळी सगळ्यांचे मोबाइल बाजूला, आणि दिवसातून एकदा दहा मिनिटांची चौकशी. ‘अभ्यास झाला का?’ या प्रश्नाला ‘हो’ एवढेच उत्तर येते. त्याऐवजी ‘आज काय नवीन कळलं? काय अडलं? मला समजावून सांग,’ असे विचारावे. आईचे शिक्षण सातवीपर्यंत झालेले असले तरी हरकत नाही, उलट बरेच. तिला समजेल असे सांगता आले, तर मुलाला नक्की आले आहे.

ज्या घराला नमुना हवा आहे त्याच्यासाठी: साडेसहाला उठून उजेडात व्यायाम, आंघोळ, न्याहारी. आठपासून तासिका, प्रत्येक दोहोंमध्ये पंधरा मिनिटांची सुट्टी आणि तेवढ्यात आठवून लिहिणे. जेवणानंतर थोडी विश्रांती, मग दोन तास वही-पुस्तक आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत. संध्याकाळी एक तास खेळ किंवा चालणे आणि घरातले एक ठरलेले काम. रात्री अर्धा-पाऊण तास मित्रांशी गप्पा किंवा आवडीचे काही, उघडपणे, अपराधी न वाटता. साडेनऊला मोबाइल स्वयंपाकघरात, दहाला अंथरूण. वेळा घराप्रमाणे बदलाव्यात आणि त्या मुलाबरोबर बसून ठरवाव्यात. मुलाने स्वतःच्या हाताने लिहून भिंतीवर लावलेले वेळापत्रक जास्त दिवस टिकते.

मित्रांशी गप्पांचा वेळ मुद्दाम लिहिला आहे. या वयात मित्र ही चैन नसते, वाढीचा भाग असतो. शाळा बंद असताना सव्वा वर्ष तो भाग कापला गेला. अनेक घरांनी त्या लाटेत आजी-आजोबा, काहींनी आई किंवा वडील गमावले. काही घरांचे उत्पन्न गेले. मूल काही बोलत नाही म्हणजे त्याला काही वाटत नाही, असे नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ मूल उदास किंवा चिडचिडे असेल, आवडीच्या गोष्टींतही मन लागत नसेल, झोप आणि भूक पार बदलली असेल, मित्रांनाही टाळत असेल, तर त्याला आळस म्हणू नये. डॉक्टरांना दाखवावे. ‘जगण्यात अर्थ नाही’ असे मूल बोलले किंवा स्वतःला इजा करू लागले, तर त्याच दिवशी दाखवावे, तोवर त्याला एकटे सोडू नये. त्याला थेट विचारल्याने तसा विचार त्याच्या डोक्यात येतो ही भीती निराधार आहे. विचारल्याने बोलायला वाट मिळते. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक मोफत आहे. शिक्षण मंत्रालयाच्या ‘मनोदर्पण’ उपक्रमाची ८४४८४४०६३२ ही मदतवाहिनीही विद्यार्थी आणि पालकांसाठी आहे.

शाळा नंतर सगळीकडे उघडल्या. तेव्हा वर्गात काही मुले अशी आली असतील, ज्यांच्याकडे वर्षभराच्या व्हिडिओंची यादी होती, आणि काही अशी, ज्यांच्याकडे लाल शाईने भरलेल्या दोन वह्या होत्या. मोबाइल कोणाचा चांगला होता यावर ते ठरले नसेल. वह्यांची सवय एकच मोबाइल असलेल्या घरालाही लावता येते आणि चार मोबाइल असलेल्या घरालाही. सुरुवातीला वर्षभराचा संकल्प नको. उद्या सकाळची पहिली तासिका संपल्यावर मोबाइल पालथा ठेवायचा आणि पाच ओळी लिहायच्या, एवढे मुलाने करावे. त्या पाच मिनिटांत कोणी त्याला हाक मारणार नाही, एवढे घराने सांभाळावे.